सी++ मधील कोडपूर्ती आणि कंपायलर फ्लॅग : वऱ्हाडातील महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
प्रोग्रॅम लिहिताना अर्धवट शब्दावरून पुढील संभाव्य नावे सुचविणारी सुविधा म्हणजे कोड कम्प्लीशन, अर्थात कोडपूर्ती. सी व सी++ या भाषांमध्ये ही सुविधा अचूक चालण्यासाठी एडिटरला कंपायलर फ्लॅग माहीत असावे लागतात. ते माहीत नसल्यास बरोबर प्रोग्रॅमही चुकीचा दिसतो आणि विद्यार्थी स्वतःच्या ज्ञानावर शंका घेऊ लागतो. प्रस्तुत लेखात फ्लॅगचे कार्य, ते लिहिण्याच्या पद्धती आणि त्यांची पडताळणी यांचे विवेचन अमरावती व अकोला जिल्ह्यांवर आधारित एका उदाहरणाच्या साहाय्याने केले आहे.

बीजसंज्ञा : कोडपूर्ती, कंपायलर फ्लॅग, हेडर फाइल, मॅक्रो, क्लँगडी, जीसीसी.

१. प्रस्तावना

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर त्याही आधीचे, १९६४ सालचे आहे. या भागातील विज्ञान, संगणकशास्त्र व अभियांत्रिकी शाखांच्या अनेक विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅमिंगशी पहिला परिचय सी किंवा सी++ या भाषांतून होतो. यांपैकी पुष्कळ विद्यार्थ्यांनी शालेय शिक्षण मराठी माध्यमातून घेतलेले असते. इंग्रजीतील त्रुटी-संदेशांचा अर्थ लावणे त्यांना सुरुवातीस जड जाते. अशा वेळी एडिटरने योग्य नाव सुचविणे आणि चूक जागच्या जागी दाखविणे ही मोठी शैक्षणिक मदत ठरते.

परंतु हीच मदत अपुऱ्या माहितीवर आधारलेली असेल तर ती दिशाभूल करते. प्रोग्रॅम कंपाइल होतो, उत्तरही बरोबर येते. पण एडिटरमध्ये ओळीखाली तांबडी रेघ कायम राहते. विद्यार्थी ती रेघ घालविण्यासाठी बरोबर असलेला प्रोग्रॅम बदलू लागतो, किंवा कोडपूर्तीच बंद करून टाकतो. दोन्ही प्रकारांत नुकसान विद्यार्थ्याचेच होते. या दोषाचे मूळ बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये नसून कंपायलर व एडिटर यांना मिळालेल्या भिन्न सूचनांमध्ये असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लेखातील लेखनपद्धतीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. फ्लॅग, फाइल व मॅक्रो यांची नावे येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन अक्षरांत व रोमन अंकांत लिहावयाची आहेत.

२. टर्बो सी ते जीसीसी : एका सवयीचे स्थित्यंतर

बोर्लंड कंपनीचे टर्बो सी १९८७ साली आले आणि त्यानंतर टर्बो सी++. भारतातील महाविद्यालयांत या साधनाचा वापर दीर्घकाळ होत राहिला. त्यात एडिटर व कंपायलर एकाच खिडकीत होते. त्यामुळे ‘एडिटरला काय माहीत आहे’ आणि ‘कंपायलरला काय माहीत आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाणीव विद्यार्थ्याला होण्याचे कारण नव्हते.

तरीही फ्लॅगची एक ओळख तेथेही होत असे. टर्बो सी एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर नेले की ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’ असा संदेश येई. मग ‘ऑप्शन्स’ या मेनूतील ‘डिरेक्टरीज’ उघडून हेडर फाइलींचा मार्ग दुरुस्त करावा लागे. ज्याने ही दुरुस्ती केली आहे, त्याने नकळत कंपायलरचा एक महत्त्वाचा फ्लॅगच बदलला आहे. आजची समस्या त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की आज हा मार्ग दोन ठिकाणी कळवावा लागतो.

लिनक्सवर सर्वत्र वापरला जाणारा जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याच्या अंतर्गत रचनेच्या अध्यापनाचे मोठे कार्य मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. जीसीसीमध्ये एडिटर नसतो. विद्यार्थी विम, व्हीएस कोड किंवा अन्य एडिटर स्वतः निवडतो. म्हणजेच पूर्वी एकत्र असलेली दोन कामे येथे विभागली जातात आणि त्यांच्यातील माहितीची देवाणघेवाण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जुळवून द्यावी लागते.

३. कोडपूर्ती कशी घडते

साध्या एडिटरमधील पूर्ती ही शब्दांवर आधारित असते. फाइलमध्ये आधी आलेला शब्द तो पुन्हा सुचवितो. त्याला शब्दाचा अर्थ कळत नाही. खरी कोडपूर्ती अर्थावर आधारित असते. एखाद्या चलापुढे टिंब दिल्यावर त्या चलाचा प्रकार कोणता, त्या प्रकारात कोणते घटक आहेत आणि त्यांपैकी कोणते येथे वापरता येतील, हे ठरवावे लागते. हे काम कंपायलरच करू शकतो.

याच विचारातून क्लँग या कंपायलरचा उपयोग एडिटरसाठी होऊ लागला. क्लँग ज्या एलएलव्हीएम प्रकल्पाचा भाग आहे, तो २००० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला. ख्रिस लॅटनर आणि मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी विक्रम आडवे हे त्याचे आरंभकर्ते होत. क्लँगचा स्रोत २००७ साली सर्वांसाठी खुला झाला. पुढे २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. या व्यवस्थेत भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये असते आणि कोणताही एडिटर त्याला प्रश्न विचारू शकतो. सी व सी++ साठी असा सर्व्हर म्हणजे क्लँगडी. ‘सर्व्हर’ असे नाव असले तरी तो विद्यार्थ्याच्याच संगणकावर चालतो. त्यासाठी इंटरनेटची गरज नसते. ज्या प्रयोगशाळेत इंटरनेट जोडणी अखंड नसते, तेथे ही बाब महत्त्वाची आहे.

क्लँगडी प्रोग्रॅम वाचतो तो कंपायलरप्रमाणेच : प्रथम प्रीप्रोसेसर हेडर फाइली आणून जोडतो व मॅक्रोंचा विस्तार करतो, नंतर व्याकरण तपासले जाते आणि मग प्रत्येक नावाचा अर्थ निश्चित होतो. यांपैकी पहिली पायरीच फ्लॅगवर अवलंबून आहे. हेडर सापडले नाही तर त्यातील सर्व नावे अज्ञात राहतात. म्हणून सी++ ची फाइल एकटी पाहून तिचा अर्थ सांगता येत नाही. फाइल आणि फ्लॅग मिळून अर्थ पूर्ण होतो.

४. कोडपूर्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे फ्लॅग

कंपायलरला शेकडो फ्लॅग देता येतात. कोडपूर्तीसाठी मात्र पुढील मोजकेच निर्णायक ठरतात.

(१) ‘-आय’ (मोठे अक्षर) : हेडर फाइली कोणत्या फोल्डरमध्ये शोधाव्यात हे सांगतो. टर्बो सीमधील ‘डिरेक्टरीज’चेच हे रूप होय.

(२) ‘-डी’ (मोठे अक्षर) : मॅक्रोला बाहेरून किंमत देतो. प्रोग्रॅमचा कोणता भाग जिवंत राहील व कोणता वगळला जाईल, हे यावर ठरू शकते.

(३) ‘-एसटीडी’ : भाषेची कोणती आवृत्ती मानावी हे सांगतो, उदा. सी++११, सी++१७.

(४) ‘-एक्स’ : फाइल सी ची मानावी की सी++ ची, हे सांगतो. ‘.एच’ असे नाव असलेली हेडर फाइल कंपायलर सामान्यतः सी ची समजतो. तीत ‘क्लास’ असल्यास चुका दिसू लागतात. अशा वेळी हा फ्लॅग उपयोगी पडतो.

(५) ‘-डब्ल्यूऑल’ : अर्थ बदलत नाही, पण सूचना वाढवितो. नवशिक्या विद्यार्थ्यासाठी हितकारक.

याउलट लायब्ररी जोडणारा ‘-एल’ किंवा तयार फाइलीचे नाव देणारा ‘-ओ’ हे फ्लॅग अर्थनिश्चितीच्या नंतरच्या टप्प्यांचे आहेत. कोडपूर्तीवर त्यांचा परिणाम होत नाही.

यांतील तिसऱ्या फ्लॅगचे महत्त्व एका वास्तव उदाहरणावरून लक्षात येते. उबुंटू लिनक्सच्या २२.०४ या आवृत्तीत जीसीसीची ११ वी व क्लँगची १४ वी आवृत्ती मिळते. काहीही न सांगितल्यास जीसीसी ११ सी++१७ गृहीत धरतो, तर क्लँग १४ सी++१४ गृहीत धरतो. (क्लँगने १६ व्या आवृत्तीपासून सी++१७ स्वीकारले.) ‘ऑप्शनल’ हा प्रकार सी++१७ मध्ये आला. त्यामुळे तो वापरणारा प्रोग्रॅम कोणताही फ्लॅग न देता जीसीसीवर विनातक्रार कंपाइल होतो, परंतु त्याच संगणकावर एडिटर मात्र ‘असे नाव नाही’ म्हणून तांबडी रेघ ओढतो. दोन्ही साधने आपापल्या जागी बरोबर असतात. चूक विद्यार्थ्याचीही नसते. भाषेची आवृत्ती स्पष्ट न लिहिणे, एवढेच या गोंधळाचे कारण आहे.

५. उदाहरण : दोन जिल्ह्यांसाठी एकच प्रोग्रॅम

समजा, तालुकानिहाय पर्जन्यमानाची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम लिहावयाचा आहे. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत, तर अकोला जिल्ह्यात ७. प्रोग्रॅम एकच ठेवून ‘तालुका_संख्या’ हा मॅक्रो बाहेरून द्यावयाचा, अशी योजना आहे. ‘पर्जन्य’ या मुख्य फोल्डरमध्ये ‘स्रोत’ व ‘हेडर’ असे दोन उपफोल्डर आहेत. ‘हेडर’मधील ‘नोंद.एच’ या फाइलीत जिल्ह्याची रचना दिली असून तीत ‘तालुका_संख्या’ एवढ्या लांबीचा ॲरे आहे. अमरावतीसाठीचा आदेश पुढीलप्रमाणे होईल :

जी++ -एसटीडी=सी++१७ -आयहेडर -डीतालुका_संख्या=१४ स्रोत/मुख्य.सीपीपी -ओ अमरावती

अकोल्यासाठी १४ च्या जागी ७ येईल आणि तयार फाइलीचे नाव बदलेल. हा आदेश टर्मिनलवर दिला जातो, त्यामुळे तो कंपायलरला कळतो. एडिटर मात्र तो पाहत नाही. त्याचे परिणाम तीन पातळ्यांवर दिसतात.

पहिली पातळी : ‘-आय’ न कळल्याने ‘नोंद.एच’ सापडत नाही. एडिटर तसे स्पष्ट सांगतो. दोष ढळढळीत असल्याने तो शोधणे सोपे असते.

दुसरी पातळी : हेडर सापडते, पण ‘तालुका_संख्या’ अज्ञात राहते. ॲरेच्या लांबीच्या जागी चूक दाखविली जाते. ती हेडर फाइलीत दिसते आणि विद्यार्थी काम करीत असतो मुख्य फाइलीत. त्यामुळे कारण व परिणाम यांचा संबंध लागत नाही.

तिसरी पातळी सर्वांत फसवी आहे. समजा, मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांची वेगळी बेरीज करणारा भाग ‘#इफ तालुका_संख्या == १४’ या अटीत ठेवला आहे. प्रीप्रोसेसरच्या नियमानुसार अशा अटीतील अज्ञात नावाची किंमत शून्य धरली जाते आणि या ओळीवर त्रुटी-संदेश येत नाही. अट खोटी ठरते व आतील सर्व मजकूर एडिटरच्या दृष्टीने नाहीसा होतो. त्या भागात कोडपूर्ती मिळत नाही आणि तेथे केलेली चूकही दाखविली जात नाही. तांबडी रेघ नाही म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष, असा समज येथे धोक्याचा ठरतो.

६. फ्लॅग कोठे लिहावेत

क्लँगडीला फ्लॅग कळविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत.

(अ) ‘कंपाइल_फ्लॅग्ज.टीएक्सटी’ : ही साधी मजकूर फाइल असून ती प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवावयाची असते. प्रत्येक ओळीवर एकच फ्लॅग लिहावा. वरील उदाहरणासाठी तीत पुढील चार ओळी पुरेशा आहेत :

-एक्ससी++
-एसटीडी=सी++१७
-आयहेडर
-डीतालुका_संख्या=१४

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘-आय’ आणि ‘हेडर’ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडणे. टर्मिनलवर ती चालते, कारण तेथे दोन शब्द वेगळे केले जातात. या फाइलीत मात्र संपूर्ण ओळ हा एकच फ्लॅग मानला जातो. त्यामुळे नावाच्या आरंभी मोकळी जागा असलेले फोल्डर शोधले जाते व ते अर्थातच सापडत नाही. म्हणून दोन्ही जोडून लिहावेत.

(आ) ‘कंपाइल_कमांड्स.जेसन’ : प्रकल्पातील प्रत्येक स्रोतफाइलीसाठी कोणत्या फोल्डरमध्ये कोणता आदेश दिला गेला, याची ही यादी असते. ती हाताने लिहावयाची नसते. सीमेक वापरणाऱ्यांना ‘सीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स’ हा पर्याय चालू केल्यावर ती आपोआप मिळते. मेक वापरणाऱ्यांसाठी ‘बेअर’ हे साधन प्रत्यक्ष चालू असलेल्या बांधणीचे निरीक्षण करून ती तयार करते.

दोहोंची निवड करताना प्रयोगशाळेतील परिस्थिती लक्षात घ्यावी. विद्यार्थी आज एका संगणकावर बसतो, उद्या दुसऱ्या. काम पेन ड्राइव्हवर घेऊन घरी जातो. पहिल्या प्रकारच्या फाइलीत मार्ग सापेक्ष असल्याने ती फोल्डरबरोबर कोठेही नेता येते. दुसऱ्या प्रकारात बहुधा संगणकावरील संपूर्ण मार्ग नोंदलेले असतात; अमरावतीच्या संगणकावर तयार झालेली यादी अकोल्याच्या संगणकावर निरुपयोगी ठरू शकते. म्हणून लहान प्रात्यक्षिकांसाठी पहिला प्रकार वापरावा. मोठ्या प्रकल्पासाठी दुसरा वापरावा, परंतु यादीची नक्कल न करता ती प्रत्येक संगणकावर नव्याने तयार करावी.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवणे इष्ट आहे. एडिटर एका वेळी एकाच आदेशाच्या दृष्टीने फाइल पाहतो. वरील चार ओळींनुसार तो प्रोग्रॅमकडे अमरावतीच्या बाजूने पाहील. अकोल्यासाठी लिहिलेला सशर्त भाग त्याला दिसणार नाही. त्या भागावर काम करताना १४ च्या जागी ७ लिहिणे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करणे हा साधा उपाय आहे. मोठ्या प्रकल्पात दोन जिल्ह्यांसाठी दोन स्वतंत्र बांधणी-फोल्डर ठेवून, त्यांपैकी कोणती यादी वापरावी हे ‘.क्लँगडी’ या सेटिंग फाइलीत नमूद करता येते.

अन्य साधनांच्या सेटिंग फाइली वेगळ्या असतात, परंतु तत्त्व बदलत नाही.

७. पडताळणीची पद्धती

दोष आढळल्यास अंदाजाने फ्लॅग वाढवीत जाण्यापेक्षा पुढील क्रमाने तपासणी करणे श्रेयस्कर.

(१) प्रथम तोच प्रोग्रॅम टर्मिनलवर कंपाइल करून पाहावा. तेथेही चूक येत असल्यास दोष प्रोग्रॅममध्ये किंवा दिलेल्या आदेशात आहे. तेथे चूक नसल्यास दोन्हीकडच्या फ्लॅगमध्ये तफावत आहे असे मानून पुढे जावे.

(२) ‘क्लँगडी --चेक=’ यापुढे फाइलीचे नाव देऊन आदेश चालवावा. क्लँगडीने कोणता आदेश गृहीत धरला हे त्यात छापले जाते. तो आदेश व टर्मिनलवरील आदेश शेजारी ठेवून ताडून पाहिले की उणीव बहुधा लगेच सापडते.

(३) ‘आयओस्ट्रीम’सारखे प्रमाण हेडरच सापडत नसेल तर जीसीसीला ‘-ई’ व ‘-व्ही’ हे फ्लॅग देऊन तो हेडर कोणकोणत्या फोल्डरमध्ये शोधतो त्यांची यादी मिळवावी. विंडोजवर मिनजीडब्ल्यू वापरताना हा प्रसंग विशेष येतो. क्लँगडी सुरू करताना ‘--क्वेरी-ड्रायव्हर’ या पर्यायाने वापरातील कंपायलरचा मार्ग दिल्यास, यादीत नोंदलेल्या त्या कंपायलरलाच विचारून तो हे मार्ग मिळवू शकतो.

(४) सर्वांत शेवटी, सशर्त भागात जाणूनबुजून एक चूक करून पाहावी. एडिटरने ती दाखविली नाही तर तो भाग त्याच्या दृष्टीआड आहे, हे सिद्ध होते.

येथे जुन्या सवयींचा वेगळा विचार करावा लागतो. ‘आयओस्ट्रीम.एच’ हे हेडर किंवा ‘व्हॉइड मेन’ ही टर्बो सी++ मधील रूपे सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली निश्चित होण्यापूर्वीच्या काळातील आहेत. त्यांखाली येणारी तांबडी रेघ फ्लॅग बदलून घालवू नये. तेथे प्रोग्रॅमच सुधारावा. फ्लॅगचा दोष कोणता आणि भाषेचा दोष कोणता, हा विवेक शिकविणे हे अध्यापकाचे काम आहे.

८. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सूचना आणि फ्लॅग

अलीकडच्या वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संपूर्ण ओळी सुचविणारी साधने प्रचारात आली आहेत. त्यामुळे फ्लॅगचा खटाटोप अनावश्यक झाला, असा युक्तिवाद केला जातो. तो पूर्णतः मान्य करता येत नाही. ही साधने पूर्वी वाचलेल्या मजकुराच्या आधारे संभाव्य पुढचा मजकूर मांडतात. तो मजकूर या प्रकल्पात, या आवृत्तीत व या मॅक्रोसह खरोखर वैध आहे काय, याची खात्री कंपायलरच्या नियमांनी वाचणारे साधनच देऊ शकते. उलट, सुचविणारा जितका आत्मविश्वासाने सुचवितो, तितकी पडताळणीची गरज वाढते आणि ही पडताळणी योग्य फ्लॅगवाचून होत नाही.

९. निष्कर्ष

(१) सी व सी++ मध्ये कोडपूर्तीची अचूकता एडिटरच्या निवडीपेक्षा त्याला मिळणाऱ्या फ्लॅगवर अधिक अवलंबून असते.

(२) फ्लॅग ही प्रकल्पाची माहिती आहे; ती विशिष्ट संगणकाची किंवा विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीची बाब नव्हे. म्हणून ती प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच लेखी स्वरूपात असावी.

(३) भाषेची आवृत्ती नेहमी स्पष्ट लिहावी. गृहीत आवृत्ती कंपायलरगणिक व वर्षागणिक बदलते.

(४) तांबडी रेघ नसणे हा प्रोग्रॅम निर्दोष असल्याचा पुरावा नाही. सशर्त भाग एडिटरच्या दृष्टीआड असू शकतो.

(५) प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला अध्यापकाने चार ओळींची फ्लॅग-फाइल विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावी आणि तीतील एक ओळ काढल्यावर काय घडते तेही दाखवावे. या कामास पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही व कोणताही खर्च येत नाही.

ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी यंत्राच्या संदेशाला सहसा अंतिम निर्णय मानतो. तो संदेश कोणत्या माहितीवर आधारलेला आहे, असा प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागली, तर कोडपूर्तीच्या निमित्ताने कंपायलरचे कार्यही त्याला समजेल आणि स्वतःच्या बरोबर उत्तरावर विश्वास ठेवण्याचे बळही मिळेल.